हातांवर बसलेला शिष्य

“पण मला का नाही, बुवा? बोरखिंडीची माणसं स्वतःहून न्यायला आलीत. मग तुमचीच परवानगी का अडते?”

विश्वंभर हे आज पहिल्यांदा विचारत नव्हता. सिदूबुवा घाटाच्या पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी दुसरा गुडघा पुढं घेतला.

विश्वंभराची तक्रार खोटी नव्हती. वारणेकाठच्या त्या मठात त्याच्यासारखा बोलणारा दुसरा कुणी नव्हता. दृष्टांत तोंडात तयार असायचा. रडत आलेला माणूस त्याचं ऐकून डोळे पुसत घरी जायचा. बोरखिंडीला नवा मठ उभा राहिला होता, आणि अडल्यानडल्याला वाट दाखवायला तिथं माणूस हवा होता. गावानं एकमुखानं विश्वंभराचं नाव घेतलं. थोरात पाटील चौघांना घेऊन सकाळपासून घाटावर येऊन बसले होते.

आणि बुवा गुडघा चोळत होते.

“माझ्यात काय कमी आहे, तेवढं तरी सांगा.”

“कमी?...” बुवा म्हणाले. “कमी काहीच नाही.”

ही स्तुती की आणखी काही, हे विश्वंभराला कळेना. त्यानं ती स्तुतीच धरली. त्याला तशी सवय होती.

तेवढ्यात वरच्या अंगानं एक बाई उतरून आली. तिशीची असेल. तिनं नाव कौसल्या सांगितलं.

“बुवा, मालक जाऊन दोन वर्सं झाली. सासरचे म्हणत्यात परत ये. भाऊ म्हणतोय दुसरं घर बघू. रोज एक जण एक सांगतोय. मी काय करू?”

या मठाची एक रीत होती. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला बुवा नदीवर नेत. तिथं गुऱ्हाळातली जुनी काहील असे, उसाचा रस आटवायची, माणूस आडवा झोपेल एवढी थोरली लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद असलं की त्या भागात काहिलीचीच नाव करतात. बुवा प्रश्नवाल्याच्या हातात वल्हं देत, स्वतः समोर बसत आणि पलीकडं जाऊन परत यायला सांगत. काहिलीला ना पुढा ना मागा. नवख्यानं वल्हं मारलं की ती जागच्या जागी गरगर फिरते. म्हणून आसपासच्या गावांत म्हणत, सिदूबुवांकडं गेलं तर उत्तर मिळो न मिळो, खांदे मात्र भरून येणार.

“माझा गुडघा आज उठू देत नाही,” बुवा म्हणाले. “विश्वंभरा, हिच्यासमोर तू बस.”

थोरात पाटील सावरून बसले. विश्वंभरानं उपरणं नीट केलं. हीच परीक्षा, आणि ती बोरखिंडीच्या डोळ्यांदेखत. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते असं.

रीत म्हणून त्यानं वल्हं कौसल्येच्या हाती दिलं. तिनं दोन हात मारले. काहिलीनं दोन गिरक्या घेतल्या. काठावर कुणीतरी हसलं.

“आण इकडं,” विश्वंभर म्हणाला.

नदीकाठीच वाढलेला गडी तो. काहील सरळ पाणी कापत निघाली आणि तिच्याबरोबर त्याची वाणीही सुटली. बाई गं, तुळस एकदा ज्या अंगणात लावली, तिथंच रुजते. आज इथं उद्या तिथं उपटून लावली, तर वाळून जाते. सासर हेच तुझं वृंदावन... दृष्टांत इतका चपखल बसला की त्याचा त्यालाच गहिवर आला. पलीकडचा काठ शिवून काहील परत आलीसुद्धा.

कौसल्येनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

“वा!” थोरात पाटील मोठ्यानं म्हणाले. “अशीच वाणी पायजेल आमाला.”

विश्वंभराची छाती फुगून उपरणं पुन्हा घसरलं. त्यानं बुवांकडं पाहिलं. आता बोला, असं ते पाहणं होतं.

बुवा कौसल्येशी बोलले.

“काय ठरलं, पोरी?”

“म्हाराज म्हणाले तसं. सासरी जाते.”

“बरं. तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी काय करशील?”

कौसल्येनं तोंड उघडलं. मग मिटलं. मग मान वळवून विश्वंभराकडं पाहिलं.

...

बुवांनीही विश्वंभराकडं पाहिलं.

“परत जा,” ते म्हणाले. “दोघंही. आणि या खेपेला तू हातांवर बस.”

“म्हणजे?”

बुवांनी दोन्ही तळहात पायरीवर टेकले आणि त्यांवर बूड ठेवून बसून दाखवलं. पिकल्या दाढीचा माणूस असा बसलेला पाहून पाटलांची माणसं खाली बघून हसली.

“आणि जीभ?” विश्वंभर जरा तिखटपणानंच म्हणाला. “ती कशाखाली ठेवू?”

“ते तुझं तू बघ.”

काहील पुन्हा सुटली. कौसल्येनं वल्हं मारलं. गिरकी. पुन्हा मारलं. पुन्हा गिरकी. एकदा मठ समोर यायचा, एकदा पलीकडची बाभळ, आणि मधूनच थोरात पाटलांचा फेटा. प्रवाह काहिलीला हळूहळू खाली ओढत होता. विश्वंभराच्या मांडीखाली बोटं वळवळत होती. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, एवढंच सांगायचं होतं. एवढंसं! पण सांगितलं तर बोरखिंड गेली, आणि नाही सांगितलं तरी पाटलांसमोर अब्रू जातच होती. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, अशातली गत. रागानं त्याचे कान तापले.

शेवटी त्याला राहवेना. चिडूनच तो म्हणाला, “अगं, पण तुला जायचंय कुठं?”

कौसल्येचं वल्हं थांबलं.

ती त्याच्याकडं बघत राहिली. विश्वंभराला लगेच दुसरं वाक्य सुचलं, त्याच्यामागं तिसरं. तुळसही आठवली. त्यानं दात आवळले.

...

काहील वाहत होती. आयुष्यात इतका वेळ गप्प राहायची त्याची ही पहिलीच खेप, आणि ती त्याला वनवासासारखी गेली.

“मालकांच्या वाटणीचं रान हाय,” कौसल्या म्हणाली, अगदी हळू. “वढ्याकडंचं. पडीक पडलंय. मला तिथं हळद लावायचीय.”

मग ती रडली. पदरात तोंड लपवून नाही, वल्ह्यावर कपाळ टेकून. विश्वंभराचा हात मांडीखालून निघाला. धीर देण्याची किती सुंदर वाक्यं त्याला येत होती! हात परत मांडीखाली गेला.

“हे मी कुणाला बोलले न्हवते,” ती म्हणाली. “कुणी इचारलंच न्हाई.”

तिनं डोळे पुसले आणि वल्हं उचललं. एक हात डावीकडून मारला. काहील फिरायला लागली, तशी तिनं लगेच दुसरा हात उजवीकडून मारला. फिरणं थांबलं. तिनं वल्ह्याकडं पाहिलं, जणू ते आत्ताच कुणी तिच्या हाती दिलं होतं. मग पुन्हा डावीकडून. पुन्हा उजवीकडून.

पलीकडचा काठ शिवून ती परत आली तेव्हा घाट केव्हाच वर राहिला होता. काहील खालच्या चिखलात, बाभळीच्या काट्यांत शिरली. दोघं गुडघाभर बरबटून घाटावर आले. विश्वंभराच्या उपरण्याला भोक पडलं होतं.

“काय ठरलं?” बुवांनी विचारलं.

“रान मागणार,” कौसल्या म्हणाली. ती कुणाकडंच बघत नव्हती. “सासऱ्यांच्या तोंडावर. आधी वढ्याकडंचा बांध घालून घेते, मग हळदीचं बेणं बघते.”

“नाही दिलं तर?”

“पुन्ना मागंन.” मग तिचा आवाज एकदम चढला. “आन् बुवा, काहील म्या आणली, माझी मी! ह्यो तुमचा म्हाराज नुसता बसून होता. बोट म्हून हालवलं न्हाई!”

पायांवर डोकं ठेवायचं ती साफ विसरली. चिखलाचे पाय उमटवत, ताठ मानेनं ती चढ चढून गेली.

विश्वंभराच्या तोंडाशी आलं होतं, प्रश्न माझा होता. पाटलांना ते ऐकवायलाच हवं होतं. पण त्याची नजर त्या चढावर खिळली, आणि त्याला मोठा अभिमान वाटला. नवल म्हणजे तो अभिमान स्वतःचा नव्हता, तिचा होता. आणि तो कुणाला सांगावा असंही त्याला वाटेना. तो उभा राहिला, मुकाट्यानं.

बुवा कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत होते.

थोरात पाटील उठले. त्यांचा चेहरा पडला होता. जवळ येऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, “बुवा, राग मानू नगा. आमाला वाटलं हुतं... पर ह्यो तर कायच बोलला न्हाई की.”

“हो,” बुवा म्हणाले. “आता घेऊन जा याला.”