घोंगडी दिसली की काठी

फार फार वर्षांमागे डोंगरापलीकडच्या एका गावात एक पाटलीणबाई होती. बिचारीच्या डोक्याला नुसता ताप! चोरांचा नव्हे, गावच्या राखणदारांचा.

राखणदार सगळे एकाच घराण्यातले. त्यांच्या पणजोबाच्या काळी घोंगड्या पांघरून दरोडेखोर आले होते. तेव्हापासून घोंगडी दिसली की हात शिवशिवायचे, ही खोड रक्तातच उतरली होती. पण नुसत्या खोडीने काठी पडत नसे, त्याला शिंग वाजावं लागे. गावाची रीत अशी, की एकाने शिंग फुंकलं की ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपलंही फुंकायचं. थांबायची खूण म्हणजे देवळातली घंटा. ती कधीचीच तडकली होती, आणि नवी बसवायला कुणाला सवड नव्हती.

एकदा शेतात रानडुकरं शिरली. एक शिंग वाजलं, मग सगळी वाजली. डुकरं पळाली तरी शिंगं थांबेनात! तेवढ्यात समोर आला गावचाच म्हातारा धनगर, खांद्यावर घोंगडी. झालं! राखणदारांनी त्यालाच बडवला.

"अरे मेल्यांनो, हा आपला माणूस!" पाटलीणबाई ओरडली.

"शिंग वाजत होतं, बाई," राखणदारांचा नाईक म्हणाला.

"म्हणून डोळे मिटून घेतलेत?"

धनगर कण्हत उठला. "मी मेंढ्या घेऊन चाललो, बाई. दर वेळी मार कोण खाणार?"

पाटलीणबाईने शेतांकडे पाहिलं. त्याच्या मेंढ्या शेतात बसल्या नाहीत, तर खत कुठलं आणि पीक कुठलं?

"राखणदारच काढून टाका!" गावकरी म्हणाले. वैतागून तिने तेही केलं. आठवडा गेला नाही तोच डुकरांनी अर्धा मका लोळवला. घ्या! आगीतून फुफाट्यात.

शेवटी तिने राखणदार परत बोलावले आणि घरची पितळेची भांडी मोडून नवी घंटा ओतवली. "बाबा, एकदा थांबा," ती धनगराला म्हणाली. "घंटेपाशी मी उभी राहते."

डुकरं पुन्हा आली. शिंगं घुमली, डुकरं पळाली, आणि नेमका धनगर आडवा आला. नाईकाची काठी वर गेली. पाटलीणबाईने जीव खाऊन दोर ओढला. ठण्!

शिंगं गप्प झाली. काठी हवेतच थांबली. नाईकाने पहिल्यांदाच घोंगडीवरचा चेहरा पाहिला.

"अरे देवा! म्हातारबा, तुम्ही होय?"

"मीच रे. रोजचाच," धनगर म्हणाला आणि मेंढ्या शेतात बसवायला निघून गेला.

खोड काही गेली नाही. नाईकाचे हात अजूनही शिवशिवतात. म्हणून पाटलीणबाई कपाळाला हात लावते आणि रोज घंटेचा दोर तपासते.

तात्पर्य, आता तरी ध्यानात घ्या: शरीराचंही असंच आहे. वंशातून आलेली खोड आणि न थांबणारा इशारा एकत्र आले, की राखण करणाऱ्या पेशी घरच्यांवरच उठतात. राखणदार हाकलून भागत नाही. थांबवणारी घंटा शाबूत ठेवावी लागते.