खरवडलेलं मेण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, गावाला एक देवी होती, आणि देवीच्या सभामंडपात पितळेच्या मुलींची लांबच लांब रांग होती.

त्या गावाची रीत अशी, की मुलगी लग्नाला आली म्हणजे तिची हातभर उंचीची पितळी मूर्ती करायची. ओंजळीत दिवा धरलेली. तिला दीपलक्ष्मी म्हणत. लग्नाच्या दिवशी मुलीनं आपल्या मूर्तीशेजारी उभं राहायचं, तिच्या ओंजळीत पहिली वात लावायची आणि मग सासरी जायचं. मुलगी दूर गेली तरी तिचा दिवा माहेरच्या देवीपुढं तेवत राहायचा.

नियम एकच होता. मूर्ती मुलीसारखी हवी. नाहीतर हा दिवा कुणाचा, हे देवीला कसं कळणार? म्हणून जुन्या रांगेत सगळ्या तऱ्हा होत्या. कुणी ठेंगणी, कुणी ताडमाड, कुणाचे दात पुढं. एकीचा तर खांदा पडलेला होता. ओताऱ्यानं तो पडलेलाच ओतला होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पण चांगला चाललेला नियम आहे तसा चालू देणं माणसाला कधी जमलंय?

आमच्या गोष्टीच्या वेळी हे काम साळू ओतारीण करायची. नवरा गेला तेव्हा तिच्या पदरात एक भट्टी आणि त्यानं शिकवलेली विद्या, एवढंच उरलं होतं. आधी मेणाची मुलगी घडवायची. तिच्यावर मातीचे थर द्यायचे. माती वाळली की साचा तापवायचा, म्हणजे आतलं मेण वितळून वाहून जातं आणि त्याच्या जागी पोकळी राहते. त्या पोकळीत पायाच्या बाजूनं पितळेचा रस ओतायचा. मेण जसं असेल तसंच पितळ होतं. नवरा सांगून गेला होता, "मेण करंगळीहून बारीक करू नकोस. वाट अरुंद झाली की रस मध्येच गोठतो."

नवरा गेल्याच्या वर्षीच एक मोठ्या घरची बाई आली. लेकीची मेणाची मूर्ती पाहून म्हणाली, नाक जरासं खरवड. साळूच्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटं नाही. तिनं कोरणी उचलली आणि नाक खरवडलं.

झालं! हा हा म्हणता गावभर झालं. मग कुणाची हनुवटी, कुणाचं पोट, कुणाची कंबर. वरपक्षाची माणसं देवळात आली की आधी मूर्तीकडे बघू लागली आणि मग मुलीकडे. मूर्ती मुलीसारखी आहे का, हे विचारायचं सोडून मुलगी मूर्तीसारखी आहे का, हे विचारू लागली. नियम उलटा झाला, आणि तो कधी उलटा झाला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

खरवडलेलं मेण साळू एका गाडग्यात टाकायची. मेण महाग, तरी ते तिनं दुसऱ्या मूर्तीला कधी वापरलं नाही. एकीच्या अंगाचं दुसरीला कसं लावायचं, असं तिला वाटायचं. गाडगं भरत चाललं होतं आणि तिकडे पाहणं ती टाळायची.

अशात भिवराची पाळी आली.

भिवरा म्हणजे साळूच्या शेजारची पोर. रुंद खांद्यांची, भरल्या दंडांची. दोन घागरी डोक्यावर आणि एक काखेत घेऊन नदीचा चढ हसत चढायची. एकदा चिखलात रुतलेलं वासरू तिनं एकटीनं ओढून काढलं होतं. साळूच्या चुलीवर भाकरी पडली, की वास लागल्यासारखी यायची आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा मागून घ्यायची. साळूला मूलबाळ नव्हतं. पापुद्रा भिवरासाठी म्हणून ती भाकरी मुद्दाम थोडी करपू द्यायची.

भिवराची मूर्ती साळूनं मन लावून केली. खांदे होते तसे केले, दंड होते तसे केले. मेणाची ती पोर फळीवर उभी राहिली तेव्हा साळूला वाटलं, आता ही पापुद्रा मागेल.

भिवराची आई आली, भिवराला घेऊन. मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिली. मग पदर सावरत म्हणाली, "अगं साळू, ही काय लग्नाची मुलगी आहे की मल्ल? हिला मी देवळात कशी उभी करू?"

बाई दुष्ट नव्हती, हे सांगून ठेवतो. लेकीला चांगलं स्थळ आलं होतं आणि ते हातचं जाईल या भीतीनं तिची झोप उडाली होती. तिनं दंड दाखवले, पोट दाखवलं, मान दाखवली. साळू खरवडत गेली. भिवरा आधी हसली. मग आपल्याच दंडावर पदर ओढून बसली. आई अंगणात शेजारणीशी बोलायला गेली तेव्हा हळूच म्हणाली,

"मावशी, मी कशी दिसते गं तुला?"

साळूच्या ओठांवर उत्तर आलं होतं. तू मला लेकीसारखी दिसतेस, आणि ही तू नव्हेस, असं तिला म्हणायचं होतं. पण अंगणातून आईचा आवाज येत होता, आणि वर्षानुवर्षं 'बरं' म्हणायची सवय झालेल्या जिभेला दुसरा शब्द सापडेना.

"मूर्ती पुरी होऊ दे, मग बघू," साळू म्हणाली.

एवढंच. पोर समजायचं ते समजली.

मेणाची मूर्ती साच्यात घालायच्या आधी महिनाभर फळीवर ठेवायची, अशी तिथली पद्धत होती. त्या महिन्यात भिवरानं आपलं ताट निम्मं केलं. मग निम्म्याचंही निम्मं केलं. आठ दिवसांनी ती मूर्तीशेजारी येऊन उभी राहिली, आणि खरंच, दंड जुळायला लागले होते. बायकांनी कौतुक केलं. आता कशी नवरीसारखी दिसतेस, म्हणाल्या. भिवराला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. ती लाजली.

पण आई मूर्तीकडे बघत होती. पोर उतरली तशी मूर्तीच आता जाड दिसायला लागली. "अजून थोडं खरवड," ती म्हणाली. "पोरगी होतेय की बारीक."

साळूनं खरवडलं.

पुढच्या आठवड्यात तेच. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात. मुलगी मेणाला गाठायची आणि मेण पुढं पळायचं. दारात उभी राहिली तर भिवराची सावली उंबऱ्यावर काडीसारखी पडायची. नदीवर तिला साळूनं पाहिलं, तर एक घागर उचलताना ती तीनदा थांबली. घागर खाली ठेवून दगडावर बसली आणि आपले हात उलटेपालटे करून बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

त्या दुपारी साळू गरम भाकरी फडक्यात बांधून तिच्या घरी गेली. पापुद्रा वेगळा काढून ठेवला होता. भिवरानं तो हातात घेतला, नाकाशी नेला, आणि परत फडक्यात ठेवला.

"तू घडवलेली ती भाकरी खाते का गं, मावशी?"

साळू घरी आली. फळीवरची मूर्ती तिनं खाली उतरवली. तिची कंबर आता साळूच्या करंगळीहून बारीक होती. मोडून टाकावी, नव्यानं करावी, खऱ्या मापाची करावी, आईनं शिव्या दिल्या तर खाव्यात, असं सगळं तिच्या मनात आलं. मूर्ती हातात घेऊन ती उन्हं कलेपर्यंत बसून राहिली. मग तिला वाटलं, लग्न आठ दिवसांवर आलंय. एकदा का पोर सासरी गेली, की जेवेल पोटभर. आपण कशाला मध्ये पडा? आणि तिनं मेणावर मातीचा पहिला थर दिला.

त्याच आठवड्यात गावात ताप आला. मोठा नव्हता. दोन दिवस अंग तापायचं, तिसऱ्या दिवशी माणूस कामाला लागायचं. साळूलाही येऊन गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी साळूनं साचा तापवून मेण काढलं, रस ओतला, आणि साचा निवल्यावर हातोडीनं माती फोडली. पावलं आली, निऱ्या आल्या, कंबर आली आणि कंबरेवर पितळ संपलं. वर फक्त पोकळ माती होती. छातीच्या, खांद्यांच्या, ओंजळीच्या जागी नुसती पोकळी, आणि त्या पोकळीला भिवराचा चेहरा होता.

साळू तशीच उठली. हाताची माती न धुता धावली. आता बोलायचंच, असं तिनं ठरवलं होतं. भिवराच्या आईला सांगायचं, वहिनी, चूक माझी आहे. वाट बारीक झाली, रस वर गेला नाही. पोरीला जेवायला वाढा, मी तिच्या मापाची नवी मूर्ती करते, लग्न चार दिवस पुढं ढकला. अख्ख्या रस्त्यात ती हेच घोकत होती.

भिवराच्या दारात माणसं उभी होती.

पोरीला आदल्या दिवशी ताप आला होता. तोच, सगळ्या गावाला आला तोच. वैद्य ओसरीवर बसले होते. मांडीवरची औषधांची पिशवी त्यांनी सोडलीही नव्हती. साळूनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तापानं नाही गेली. ताप झेलायला तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं."

साळूनं रस्ताभर घोकलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं. ते ऐकायला जे माणूस हवं होतं, ते आत चटईवर निजलं होतं.

तेरा दिवस साळूची भट्टी थंड होती. चौदाव्या दिवशी तिनं कोनाड्यातलं गाडगं उतरवलं. त्यात गावच्या कितीतरी लेकींची नाकं होती, हनुवट्या होत्या, पोटं होती, आणि सगळ्यांत वर भिवराचे दंड होते. तिनं ते सारं एकत्र वितळवलं आणि डोळ्यांपुढच्या आठवणीवरून भिवरा घडवली. रुंद खांद्यांची, चढ चढणारी भिवरा. या वेळी रस कुठेही अडला नाही. मूर्ती अखंड आली.

लग्नाआधी गेलेल्या मुलीचा दिवा सभामंडपात ठेवता येत नाही, असं गावकऱ्यांनी सांगितलं. साळूनं वाद घातला नाही. तिनं मूर्ती देवळाबाहेर, पहिल्या पायरीशी बसवली.

पहिल्या दिवशी लोक तिला वळसा घालून गेले. तिन्हीसांजेला भिवराची आई आली. तिनं मूर्तीच्या दंडावरून हात फिरवला. पुन्हा पुन्हा फिरवला. "असेच होते," ती म्हणाली. "अगदी असेच होते गं." मग तिथंच पायरीवर बसून तिनं जो टाहो फोडला, तो ऐकून गावातल्या चुली विझल्या.

त्यानंतर साळूकडे कुणी खरवडायला सांगायला आलं, की ती कोरणी पुढं करायची आणि म्हणायची, जा, आधी पायरीवरच्या पोरीच्या दिव्यात तेल घालून या, मग तुमच्या हातानं खरवडा. काही बाया पायरीवरूनच घरी परतल्या. काही पलीकडच्या गावच्या ओताऱ्याकडे गेल्या. साळूकडे काम कमी झालं, आणि कित्येकदा तिची चूल पुन्हा दोन-दोन दिवस थंड राहिली. पण ज्या दिवशी भाकरी पडायची, त्या दिवशी ती थोडी करपू द्यायची. पापुद्रा काढायची, पायरीवर नेऊन ठेवायची आणि रिकाम्या हातानं परत यायची.

म्हणून थोरामोठ्यांनो, लेकरांनो, ध्यानात ठेवा: माणसावरून माप घ्यावं, मापासाठी माणूस खरवडू नये, खरवडता खरवडता माप तेवढं उरतं आणि माणूस निघून जातं.