दौलू खजिनदारानं संघ कसा सावरला

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात एक भोळा खजिनदार होता. नाव दौलू. गावच्या तालमीचा फुटबॉलचा संघ होता, आणि संघाचे आधीचे तीन खजिनदार फारच हुशार निघाले होते. म्हणून यंदा गावच्या पंचांनी ठरवलं, एखादा भोळा माणूस बघू.

संघाची दशा वाईट होती. हिंदुराव वस्तादांनी हौसेनं गोव्याहून इनास नावाचा खेळाडू आणला होता. त्याचं मानधन, त्याची खोली, त्याचा रोजचा तांबडा रस्सा, यातच वर्गणी संपायची. मैदान होतं तानुबाई इंगवल्यांचं. त्यांनी सांगून टाकलं होतं, "हंगाम संपेस्तोवर भाडं आलं न्हाई, तर मी ऊस लावणार." मैदान गेलं की संघ गेला. वस्तादांची झोप उडाली होती.

त्यांनी दौलूला समोर बसवलं. "हे बघ, हिशेब सोपा हाय. आत येईल ते जास्त, भाईर जाईल ते कमी. एवढं सांभाळ."

"सांभाळतो की," दौलू म्हणाला.

पुढच्या सामन्याला त्यानं अख्खं गाव आत घेतलं. सामना संपला आणि फाटकाला कुलूप. "कमी जायचंय," असं म्हणत तो एखाद्दुसऱ्यालाच बाहेर सोडायचा. शेवटी म्हातारीकोतारीसुद्धा भिंतीवरून उतरून घरी गेली.

वस्ताद म्हणाले, "अरे, मी पैशाचं बोललो. आलेल्याला अडवायचं न्हाई. हात जोडायचं, हसायचं, आन् जाऊ द्यायचं."

"बरं," दौलू म्हणाला.

त्याच आठवड्यात गोलकीपरचा अंगठा मोडला. जादा खेळाडू ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून दौलूलाच गोलात उभं केलं. चेंडू आला. दौलूनं हात जोडले, तो हसला, आणि त्यानं चेंडू जाऊ दिला. असे पाच गेले. नशीब, तो बाद फेरीचा सामना नव्हता.

वस्तादांनी कपाळाला हात लावला. "लेका, आलेलं छातीशी घट्ट धरायचं. आन् लाथ हाणून लांब उडवायचं."

"आधी सांगायचं की," दौलू म्हणाला.

दोन दिवसांनी गुळाचे व्यापारी बाबूशेठ देणगीची थैली घेऊन आले. वर्षाचं भाडं होतं तीत. भाषण झालं, हार घातला, थैली दौलूच्या हाती आली. त्यानं ती छातीशी घट्ट धरली. मग चार पावलं मागे सरकला आणि अशी लाथ हाणली की थैली थेट भिंतीपलीकडच्या ओढ्यात. ओढ्याला पाणी बक्कळ होतं. बाबूशेठ गळ्यातला हार न काढताच घरी गेले.

संघ कसाबसा अंतिम सामन्यात पोचला होता. आता भाडं फिटायचं तर त्याचं बक्षीसच मिळायला हवं होतं. आणि इनासनं तर हंगामभर एक गोल केला नव्हता. वस्ताद वैतागून म्हणाले, "ह्या खर्चानंच बुडालो आपण. नुसतं मैदानात उभं ऱ्हातंय. जागचं हलत न्हाई. शेजारनं चेंडू गेला तरी बघत बसतंय. असलं भंगारात इकून टाकाय पायजे."

दौलूनं मैदानावर नीट नजर फिरवली. इनास निदान पाणी प्यायला तरी हलत होता.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी वस्ताद मैदानावर आले. दोन्ही गोलचे खांब गायब.

"खांब कुठं हायत?"

"इकलं. दर साली रंग खायाचं, वस्ताद. पल्याडच्या गावच्या भंगारवाल्याला दिलं."

पल्याडच्या गावाशीच अंतिम सामना होता. वस्तादांनी फाटकाकडं बोट दाखवलं. "जा," ते म्हणाले. "काय वाट्टंल ते दे त्याला. पर खांब घिऊन ये."

दौलू धावत गेला आणि सामन्याच्या आत ट्रॉलीतून खांब घेऊन हजर झाला. वस्तादांना भरून आलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोराला अखेर एक काम जमलं होतं.

मग दोन्ही संघ मैदानात उतरले. वस्तादांनी आपले गडी मोजले. दहाच भरले. अकरावा इनास समोरच्या संघाची जर्सी घालून उभा होता.

"भंगारवाला त्यांचा अध्यक्ष हाय," दौलूनं समजावून सांगितलं. "म्हणाला, काय देतोस? मी म्हटलं, इनास."

त्या दिवशी इनास वाऱ्यासारखा पळाला. त्यानं एकट्यानं चार गोल घातले. पलीकडे तानुबाईंनी मैदानात उसाच्या सरी किती पडतील ते मोजायला घेतलं, आणि वस्ताद जमिनीवर बसून राहिले. दौलू मात्र उभा राहून टाळ्या पिटत होता.

"वस्ताद," तो म्हणाला, "तुमी उगंच बोल लावत हुता बघा. पोरगं झ्याक खेळतंय."