वाघळांच्या वडाखालचा फाटका ढोल

टाळ्या नका वाजवू, पाव्हणं! दिवसा झोपलेल्या वाघळांना उडवून बघायचं ही कसली मौज? या वडावर ती उलटी लटकतात, आणि खाली पारावर तो फाटका ढोल आहे ना, तो त्यांच्यापायी फाटला, असं जुनी माणसं सांगतात.

पूर्वी या पाड्यावर जेठी नावाची म्हातारी होती म्हणे. मोहट्या, म्हणजे मोहाची फळं वेचून त्यांच्या बियांचं तेल गाळायची. जिवात जीव आहे तोवर देवीचा दिवा विझू देणार नाही, असा शब्द तिने देवीला दिलेला.

एका फाल्गुनात देवजी पाटील कडाडला, "वाघळं रात्री मोहाची फुलं उष्टी करतात. देवीला उष्टं चालतं का?" झालं! तीन दिवस होळीचे ढोल वडाखाली बडवले. माद्या भरदुपारी सैरावैरा उडाल्या, पोटाशी धरलेली पिल्लं टपाटप खाली पडली. जेठी पदर पसरून धावली.

"लाजा नाहीत का रे? लेकुरवाळ्या आहेत त्या!"

लोक हसले. वाघळं दूर गेली. एकट्या जेठीच्या खोपटामागच्या मोहावर चार-सहा येत राहिली, कारण तिथे ढोल न्यायची कुणाची छाती झाली नाही. त्या साली फुलांच्या राशी पडल्या आणि पाटील मिशीला पीळ देत फिरला.

आषाढ आला. रानभर एका मोहाला मोहटी नाही! जेठीचा मोह तेवढा लगडलेला. "म्हातारीने करणी केली," पाटील देवळात ओरडला. तेव्हा दिव्यात तेलाचा थेंब उरला नव्हता, वात नुसती धुमसत होती. तेलाची बुधली जेठीच्या हातात होती.

"करणी कसली, मेल्या? वाघळांनी उष्टं केलेल्या फुलालाच फळ धरतं. तुम्ही सोवळी राखलीत ती झाडं वांझ राहिली! आधी तो ढोल फाड, मग तेल घालीन. दिवा विझला, माझा शब्द मोडला, तर पाप माझं!"

वात विझत आली म्हणे, पण तिने बुधली कलती केली नाही. शेवटी पाटलानेच कोयता घेऊन ढोलाचं कातडं फाडलं. मगच तिने तेल ओतलं. दोन वर्षांनी वाघळं परतली.

आजही होळीची मिरवणूक वडाजवळ आली की ढोल गप्प होतात. देवळात दिवा तेवतो तो त्याच उष्ट्या फुलांच्या तेलावर, आणि देवीने अजून तरी नाक मुरडलेलं नाही. तेव्हा पाव्हणं, वाघळांच्या वासापायी नाकाला लावलेला तो रुमाल आधी काढा.