ताडीच्या दोराची राख

भाविकहो, वसईच्या किनाऱ्यावर करंजखार नावाचं गाव. तिथल्या पाद्रे जुझे यांना सारे पाद्रीबाबा म्हणत. बाबा अनवाणी चालत आणि माणसाला त्याच्या पापासकट जवळ घेत.

गावचा रिवाज असा, की मागच्या झावळ्यांच्या रविवारचा, वर्षभर घरात जपलेला झावळीचा क्रूस राखेच्या बुधवारी प्रत्येकाने आणायचा. ते क्रूस जाळून त्यांची राख कपाळी लावायची, की उपवासकाळ सुरू. ताडी उतरवणाऱ्या इनासकडे मात्र क्रूस नव्हता. त्या रविवारी तो ताडी ढोसून बांधावर लोळत होता, क्रूस आणणार कुठून? शेवटी बिचाऱ्याने दोर आणला. ताडावरून ताडीचं मडकं खाली सोडायचा, काथ्याचा बारीक, लांब दोर.

"बाबा, माझं पाप ह्याच्यातच आहे. जाळा हा."

पाद्रीबाबांनी दोर प्रेमाने विस्तवावर ठेवला. तोच केळीच्या वाडीचे मालक बस्त्याव दाबरे तरातरा पुढे आले आणि त्यांनी काठीने तो बाहेर ओढला. "दारुड्याच्या दोराची राख आमच्या कपाळाला? त्यापेक्षा कोरडं कपाळ बरं!" लोक फिदीफिदी हसले. बस्त्यावकाका राख न लावताच निघून गेले.

इनासला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाबा म्हणाले, "दोर कमरेला बांध. देवाने तुला टाकलेलं नाही. तू नव्याने जन्मतो आहेस, बाळा, आणि जन्म म्हटला की कळा आल्याच."

उपवासकाळातल्या तिसऱ्या शुक्रवारी, भर दुपारी, सारा गाव क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेला. इनास मागे रेंगाळला होता. दारू सोडल्यापासून त्याचे हातपाय कापत. दाबऱ्यांच्या वाडीपाशी त्याला आरोळी ऐकू आली. विहिरीवरचा अडकलेला रहाट सोडवायला वाकलेले बस्त्यावकाका फळी मोडून आत पडले होते. शेवाळलेल्या दगडावरून हात निसटत होते, पाणी हनुवटीला लागलं होतं.

"अरे, कुणी आहे का? बुडालो!"

हाकेच्या अंतरावर दुसरं माणूस नव्हतं. इनासने कमरेचा दोर सोडला, एक टोक रहाटाच्या खांबाला बांधलं, दुसरं खाली टाकलं. मधला हातभर दोर जळून काळाठिक्कर पडलेला.

"मेल्या, हा तर तोच जळका! तुटेल!"

"दुसरा नाही, काका! धरा आणि प्रभूचं नाव घ्या!"

इनास ओढू लागला. जळका भाग काठाला घासला आणि एक पदर तुटला. मग दुसरा. आता एकच पदर उरला. इनासच्या तोंडचं पाणी पळालं. "देवा, हा माणूस माझ्या हातून घालवू नकोस!" तो ओरडला, आणि काय नवल! ओझं एकदम हलकं झालं. दोराला आणखी कुणाचा तरी हात लागला होता. बस्त्यावकाका काठावर येऊन पडले.

इनासच्या खांद्याचा आधार घेत ते चर्चमध्ये आले, तेव्हा लोक घाबरून पाद्रीबाबांभोवती जमले होते. प्रार्थना म्हणता म्हणता बाबा एकाएकी थांबले होते आणि मुठी आवळून घामाघूम झाले होते. त्यांचे तळवे सोलवटले होते, त्यांत काथ्याचे धागे रुतले होते. इनासने दोर त्या ओंजळीत ठेवला मात्र, सबंध दोराची राख झाली.

बस्त्यावकाकांना रडू आवरेना. "बाबा, माझं कपाळ अजून कोरडंच आहे. लावा हीच राख."

"ज्याचा दोर, तोच लावील," बाबा म्हणाले.

इनासने राखेत बोट बुडवलं. आज त्याचा हात कापत नव्हता. बस्त्याव दाबरे सगळ्या गावादेखत त्याच्यापुढे गुडघे टेकून वाकले.