हिंगणमाळच्या कोंडाईचा मोर

फार वर्षांपूर्वी, हिंगणमाळच्या नदीवर अजून पूल नव्हता आणि शुक्रवारचा अख्खा बाजार एका लिंबाच्या सावलीत मावत होता, तेव्हाची ही हकिकत. माझ्या आजेसासूनं ती मला सांगितली, तिला तिच्या आत्यानं. मधे कुणी थोडं मीठ-तिखट घातलं असेल, तर ते मला ठाऊक नाही. मी ऐकलं तसं सांगते.

हिंगणमाळात एका बाईची चार मुलं लागोपाठ गेली. पाचवी मुलगी झाली, तेव्हा सुईणीनं जुना तोडगा केला. पोर सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवली. म्हणजे मृत्यूला वाटतं, हे टाकून दिलेलं पोर आहे, आपल्याला त्याचं काय. मग सुईणीनंच ती उचलली आणि आईला विकली. किंमत काय, तर मापभर कोंडा. म्हणून मुलीचं नाव कोंडा पडलं. पोर जगली. नुसती जगली नाही, तर ऐंशीच्या पुढं गेली, असं म्हणतात.

ही कोंडा मोठी झाली आणि गावातल्याच तुळाजी माळ्याला दिली. तुळाजीचा नदीकाठी मळा होता, मळ्यात कोथिंबीर, मेथी, थोडी वांगी. संसार बेताचा पण सुखाचा होता. कोंडाला एकच नाद. शुक्रवारी बाजार उठायला लागला की ती कोथिंबिरीच्या जुड्यांची पाटी घेऊन निघायची. बाकीच्या बाया सकाळी बाजाराला जायच्या, ही जायची पालं सुटताना. शिंप्याकडं चिंध्या मागायची, तांबटाकडं पत्र्याची कातरण, कुंभाराकडं तडकलेली बोळकी, आणि रामलिंग कासाराकडं प्रवासात फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे. रामलिंग म्हणायचा, "ने की फुकट. मी तर ओढ्यात टाकणार होतो."

कोंडा फुकट घ्यायची नाही. प्रत्येकाच्या हातात कोथिंबिरीची जुडी ठेवायची आणि वर घासाघीसही करायची. "एका जुडीत एवढ्याच काचा? अजून ओंजळभर घाला." लोक हसायचे. ती म्हणायची, "फुकट नेला तर तो केर. काही देऊन घेतला, म्हणजे माल."

त्या मालातून ती काय काय करायची. फुटक्या बोळक्याला चुना आणि डिंक लावून वर काचा बसवायची, की त्याचा दिवा व्हायचा. चिंध्या आणि कवड्यांची बैलाच्या कपाळाला बाशिंगं व्हायची. चिंचोक्याच्या खळीत रद्दी भिजवून ती टोपल्या घडवायची, त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. घरात पाय ठेवायला जागा नसे. तुळाजी पाहुण्यांना सांगायचा, "या, जपून बसा. या घरात अख्खा असा मी एकटाच आहे."

तर असे दिवस जात होते. गावात ठकाबाई नावाची एक विधवा होती. लोकांची दळणं दळून तिनं एकुलती एक लेक, येसू, वाढवली. येसूचं लग्न नदीपलीकडच्या मोहगव्हाणात ठरलं. मुलगा चांगला, घर मोठं. पण मुलाची आई म्हाळसाबाई मोठी करारी बाई. तिनं निरोप धाडला, "आम्हाला हुंडा नको, मानपान नको. पण रुखवत मांडलेलं पाहिजे. आमच्या घरात सून रिकाम्या मांडवातून येत नाही."

रुखवत म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मुलीकडचे लोक मांडवात फराळाची ताटं मांडतात, मुलीच्या हातचं विणलेलं-भरलेलं मांडतात, आणि वराकडच्या बाया ते फिरून बघतात, नावं ठेवतात, नाहीतर कौतुक करतात. ठकाबाईच्या घरी मांडायला जातं होतं आणि खुंटा होता. ती कोंडाकडं आली आणि उंबऱ्यातच बसली.

"कोंडे, लेकीचं लग्न मोडतंय बघ."

कोंडानं विचारलं, "लग्न किती दिवसांवर?"

"अकरा."

"पुरेत," कोंडा म्हणाली, आणि तिनं कामाला सुरुवात केली.

तिनं एक आंब्याचं झाड करायचं ठरवलं. मांडवाच्या मधोमध उभं राहील एवढं. गोणपाट आणि कागदाच्या लगद्याचं खोड केलं. मक्याच्या कणसाची सालं हिरवी रंगवून त्याची शेकडो पानं केली आणि चिंचोक्याच्या खळीनं चिकटवली. फांद्यांतून काचांचे नि पत्र्याचे आंबे लावले. सात दिवस तिचा हात थांबला नाही. झाड असं झालं की त्यावर एकदा खरा पोपट येऊन बसला, आणि बराच वेळ चोच मारून बघून मगच उडाला, असं म्हणतात.

सातव्या दिवशी दुपारी कोंडा नदीवर चिंध्या धुवायला गेली. परत आली तर अंगणात तुळाजीची शेळी उभी. झाड नव्हतं. शेळीनं पानं खाल्ली, खळ चाटली, कागदाचं खोड पोखरून खाल्लं. खाली फक्त काचा आणि पत्र्याचे तुकडे पडले होते. शेळी रवंथ करत होती.

कोंडा तिथंच खाली बसली. ती रडली नाही, पण जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं की हे उरलंसुरलं गोळा करावं आणि टाकून द्यावं. येसूचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण पुरेत म्हणालो नसतो, तर ठकाबाईनं दुसरीकडं कुठंतरी हात पसरला असता, काहीतरी सोय झाली असती, असं तिच्या मनात आलं. तिनं सूप आणलं आणि काचा भरायला लागली.

तेवढ्यात तुळाजी मळ्यातून आला. त्यानं शेळीकडं बघितलं, सुपाकडं बघितलं. तो तिच्याजवळ बसला आणि हलकेच म्हणाला, "अगं, हिनं निवडून खाल्लंय. हिला जे पचलं नाही, ते तुझ्यासाठी ठेवलंय."

कोंडानं सुपातल्या काचा बघितल्या. निळ्या होत्या, हिरव्या होत्या, मधेच एखादी सोनेरी. तिनं ओंजळभर उचलून उन्हात धरल्या. मग म्हणाली, "रामलिंग कासार आज कुठल्या बाजारात असेल?"

"आजचा बाजार म्हणजे तीन गावं पलीकडं."

"त्याच्याकडच्या सगळ्या फुटक्या काचा लागतील. एक तुकडा मागं ठेवायचा नाही."

तुळाजीनं मळ्यातला कोथिंबिरीचा अख्खा वाफा उपटला, भारा डोक्यावर घेतला आणि निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोती काचा घेऊन परत आला. रामलिंगानं इतकी कोथिंबीर बघून हात जोडले होते, आणि स्वतःहून मोडक्या लाकडी बांगड्यांची एक टोपलीही वर दिली होती.

आता चार दिवस उरले होते. चार दिवसांत एकट्या बाईच्यानं ते होणार नव्हतं. पण शेळीची बातमी गावभर झाली होती. आधी लोक पोट धरून हसले. हसून झाल्यावर एक एक बाई येऊ लागली, आणि कुणी रिकाम्या हातानं आली नाही. कुणी फुटकी समई आणली, कुणी घुंगरू तुटलेला पट्टा, कुणी तडा गेलेला आरसा. लोहारणीनं दात मोडलेलं दाताळं आणलं. कोंडानं बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला, वर गोणपाट ताणलं, आणि बाया ओळीनं बसून चुन्या-डिंकात काचा बसवू लागल्या. दाताळ्याचे पाय झाले. समईची मान झाली. डोळ्याला लाल गुंज लागली, तुऱ्याला केरसुणीच्या काड्या. मोर होत होता. माणसाएवढा उंच, आणि पिसारा मांडवाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत.

ठकाबाईच्या मनात मात्र धाकधूक होती. तिनं एकदा विचारलंही, "लग्नाच्या मांडवात फुटकी काकणं? त्यांनी काही म्हटलं तर?"

"म्हणतील तेव्हा बघू," कोंडा म्हणाली. पण तो विचार तिचीही पाठ सोडत नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मोहगव्हाणचं वऱ्हाड आलं. आभाळ भरून आलेलं होतं, उजेड मंद होता. म्हाळसाबाई पुढं झाली. तिनं मोराला एक फेरी घातली, मग दुसरी. मग तिनं बोट लावून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे फुटक्या काकणांचं आहे," ती म्हणाली. "लग्नघरात फुटकं काकण मांडलंत? आमच्या सुनेचा संसार सुरू व्हायच्या आधीच?"

वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा तर बैल जुंपा म्हणाला. ठकाबाई खांबाला धरून उभी राहिली. येसू आत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

कोंडा पुढं आली. तिच्या बोटांना काचांच्या चिरा पडल्या होत्या. ती शांतपणे म्हणाली, "बाई, एक विचारू का? तुमच्या हातातली बांगडी गेली, तर तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? बांगडी वाढली म्हणते."

"वाढली म्हणता. तुमची आईही तसंच म्हणायची, तिची आईही. आपल्यातल्या कुठल्याच बाईनं बांगडी फुटली असं तोंडातून काढलं नाही. पण ती वाढून कुठं जाते, हे कुणी बघितलं का?" कोंडानं मोराकडं हात केला. "ही एवढी वाढली. मी फक्त ती उभी केली."

म्हाळसाबाई मोराकडं वळली. आणि नेमकं तेव्हाच आभाळ बाजूला झालं, असं म्हणतात. ऊन मांडवात उतरलं आणि पिसाऱ्यावर पडलं. सगळ्या मांडवात निळे, हिरवे, तांबडे कवडसे नाचू लागले. बायांच्या हातांवर त्या रंगांची कडी उमटली. ठकाबाईचे हात बारा वर्षं मोकळे होते. तेही मनगटापासून कोपरापर्यंत रंगांनी भरून गेले. ती आपल्याच हातांकडं बघत राहिली. माळावरून खरे मोर ओरडले. काही जण सांगतात की काचेच्या मोरानं मान वळवली. मी ते नक्की सांगत नाही, पण सांगणारे शपथ घेऊन सांगतात.

म्हाळसाबाईनं पुढं होऊन ठकाबाईचा तोच हात धरला. म्हणाली, "विहीणबाई, मुहूर्त टळतोय. मुलीला बाहेर आणा."

लग्न लागलं. येसू सासरी निघाली, तेव्हा म्हाळसाबाईनं मोर बैलगाडीत ठेवायला लावला आणि आपण चालत निघाली. नदीला एव्हाना छातीएवढं पाणी चढलं होतं. पण गाडी उतारात शिरली तसं पाणी ओसरत गेलं आणि बैलांचे खूर तेवढे भिजले, असं म्हणतात. मोहगव्हाणात पोचल्यावर मोर आधी घरात गेला, सून मागून.

पुढं गावोगावचे लोक कोंडाला बोलवायला यायचे. म्हाळसाबाईनंही आमच्याकडंच राहा म्हणून आग्रह केला. कोंडा म्हणाली, "मला जमायचं नाही. शुक्रवारी माझा बाजार असतो." ज्याला शिकायचं तो हिंगणमाळला येऊन तिच्या अंगणात बसायचा. तिला मूलबाळ नव्हतं, पण त्या अंगणातून उठून गेलेल्या लेकी सात परगण्यांत होत्या. त्याच तिला कोंडाई म्हणू लागल्या. तुळाजी गेल्यावरही त्या येत राहिल्या आणि म्हातारीला एकटं वाटू दिलं नाही.

एका शुक्रवारी बाजार उठल्यावर कोंडाई लिंबाखाली टेकली. मांडीवर पाटी, डोळे मिटलेले. लोकांना वाटलं, डुलकी लागली. ती तशीच गेली. त्यानंतर सव्वा वर्ष हिंगणमाळात एकाही बाईच्या हातातली बांगडी वाढली नाही. रामलिंगाचा मुलगा तेव्हा पालावर बसायचा. तो म्हणायचा, म्हातारी गेली ती माझा धंदा बसवून गेली.

आता नदीवर पूल आहे. बाजार लिंबाच्या बाहेर रस्त्यापर्यंत पसरतो. पण शुक्रवारी पालं सुटताना प्रत्येक दुकानदार आपल्या मालातलं मोडकं-तुटकं ओंजळभर लिंबाखाली ठेवतो. त्याला कोंडाईचा वाटा म्हणतात. गावात लग्न निघालं की मुलीकडच्या बाया तिथून हवं ते उचलतात आणि जागेवर कोथिंबिरीची जुडी ठेवतात. रुखवतात आता बाजारातली तयार देवळं असतात, थर्माकोलचे बंगले असतात, पण मधली जागा कोंडाईच्या वाट्याची. आणि ते काम गावानं मिळून करायचं, एकट्या घरानं नाही.

मागच्या वैशाखात आमच्या आळीतल्या वैजयंताचं लग्न झालं. ती दवाखान्यात परिचारिका आहे. गोळ्यांची रिकामी पाकिटं, चार्जरच्या तुटलेल्या वायरी, बाटल्यांची झाकणं आणि जुन्या साडीची जर यांतून आम्ही विजेचा खांब केला आणि तारांवर दोनशे चिमण्या बसवल्या. एकीसारखी दुसरी नाही. नवऱ्याची आई शहरातली, बँकेत नोकरी करणारी. ती आली, पर्स खाली ठेवली आणि चिमण्या मोजायला लागली. मधेच चुकली की पुन्हा पहिल्यापासून. पंगत खोळंबली होती, वाढपी वरणाच्या बादल्या घेऊन उभे होते, पण तिचं मोजून होईपर्यंत कुणी तिला हाक मारली नाही.