बंबाच्या नावाचा घोळ

हे सांगू नकोस, असं बंबाने बजावलं होतं, तरी सांगते.

एका थंड शहराने धूर थांबवायचा ठरवला. संगणकातल्या नकाशाने घरोघरी सौर गरम पाण्याचे नळ आखले. अनसूयाबाईंचं घर तेवढं राहिलं.

त्यांचा तांब्याचा बंब नकाशाला म्हणाला, “अरे, आम्हाला का वगळलंस?”

“नोंदीत ‘बंब’ आहे. आग विझवायच्या गाडीला अंघोळ कशाला?”

“शहाणाच आहेस! मी पाणी तापवणारा बंब. बाई एकट्या, लाकडं फोडताना हात थरथरतात त्यांचे.”

नकाशा ओशाळला. “पण नळ आला, की तुम्ही माळ्यावर जाल.”

“जाईन. तू रेघ ओढ.”

नळ आला. गार पडलेला बंब माळ्यावरून बाईंच्या अंघोळीचा आवाज ऐकत राही. एकदा बाई वर आल्या, त्याच्यावर पदर फिरवत म्हणाल्या, “करमत नाही रे, तुझ्याशी बोलल्याशिवाय. उद्यापासून मी रोज...”

आले गं आई! तर बाई रोज माळ्यावर येऊन बंबाशी— आले म्हटलं ना, आई!